काळ्या रानात घरच्या बागेला कुंपण: जाळी की भिंत?

बार्शीरोडकर (लातूर):
घरामागं बाग केलीय. लिंबू, शेवगा, कढीपत्ता, कडेनं भाजीपाला. घरच्यांना विटांची सहा फुटी भिंत पाहिजे. माझं म्हणणं, बागेला भिंत नकोच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलका असला की भिंतीला तिरपी चीर पडलीच म्हणून समजा. मुरूम लागेस्तोवर पाया न्यायचा तर अर्धा पैसा जमिनीतच जातो. वर मे महिन्यात तापलेल्या भिंतीलगत मेथी-पालक टिकत नाही. मी चेनलिंक जाळी अन् आतून निरगुडी लावणार. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही.

उदगीरकर:
अन् जाळीतून सगळी गल्ली आत बघणार, त्याचं काय? निरगुडी दाट होईस्तोवर पडदा कशाचा? रेडीमेड कंपाउंड घ्या. सिमेंटचे खांब रोवायचे, खाचेत फळ्या सरकवायच्या, झालं.

बार्शीरोडकर:
खांब कलला की फळी खाचेतून निसटते. आमच्या कॉलनीत एक चक्कर मारा, ओळंब्यात उभा असलेला खांब दाखवा.

गोदाकाठ:
निरगुडीला पाणी कोण घालणार? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, इतक्यात विसरलात? घायपात लावा. पाणी मागत नाही, जनावर जवळ येत नाही.

बार्शीरोडकर:
घायपातीच्या पानाच्या टोकाला दाभणागत काटा असतो, घरात लहान लेकरं आहेत. शेराचं झाड लावा म्हणणारेही भेटले, त्याचा चीक डोळ्यात गेला की दवाखाना. निरगुडीला पहिला उन्हाळा भांडी धुतलेलं पाणी घालू, पुढं ती तिची तगते.

तेरणाथडी:
भिंतीचा हट्ट करणाऱ्यांना एकच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूरकडं माणसं गाडली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी. बागेसाठी सहा फूट कशाला? अन् चार इंची भिंत मधे पिलर न घेता तर मुळीच नको.

जालनेकर:
जाळीचं काम करतो म्हणून लिहितोय. गेज बघून घ्या. आकडा लहान तितकी तार जाड, १२ पेक्षा १० गेज भक्कम. दुकानात सगळे उंची विचारतात, गेज कोणी विचारत नाही. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही अंगांनी तिरपा टेकू द्या, नाहीतर जाळी ताणली की कोपराच आत झुकतो. खालची कड वीतभर पुरा, डुकरं खालून घुसतात.

उदगीरकर:
पुरलेली जाळी गंजते हो. त्यापेक्षा खाली दोन फूट वीटकाम, वर जाळी. भिंतवालेही गप्प, जाळीवालेही.

बार्शीरोडकर:
हे पटलं. दोन फुटी भिंत फुटली तरी कुणाच्या अंगावर येणार नाही. पाणी निघायला खाली भोकं ठेवतो. रस्त्याच्या बाजूला बोगनवेल चढवतो, बाकी तीन बाजूंना निरगुडीच. गोदाकाठ, घायपात तुमच्या बांधाला लावा.

गोदाकाठ:
लावलेलीच आहे. पहिल्या उन्हाळ्यानंतर निरगुडीचा फोटो टाका, मग बोलू.