चर्चमध्ये एकट्याने वाजवलेला डबल बास, नेमकं ऐकायचं काय?

खर्जवेडा: मंडळी, डबल बास (व्हायोलिनसारखंच, पण माणसाएवढं उभं, खर्जातलं वाद्य) वाजवणाऱ्या बॅरी फिलिप्सचा १९६८चा 'जर्नल व्हायोलोन' हा अल्बम लावलाय. लंडनच्या चर्चमध्ये एकटा माणूस, ना ड्रम ना पियानो. मोबाईलवर ऐकतोय, वरची खरखर येते पण खालचं काही कळतच नाही. आणि हे आधी बसवलेलं का सगळं आयत्या वेळी?

तळमजला: मोबाईलवर कसं कळणार भाऊ, सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास, तो एवढासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. हेडफोन लाव आधी. आणि हो, सगळं आयत्या वेळचं. गंमत म्हणजे गडी अल्बम करायला गेलाच नव्हता, मॅक्स शूबेल नावाच्या संगीतकाराला इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी कच्चा माल हवा होता, म्हणून वाजवलं, नंतर ऐकून तोच म्हणाला की हे असंच काढूया.

गजवाली: मी बास वाजवते म्हणून सांगते, घुमणाऱ्या जागेत खालच्या सुरांवर घाई केली की नुसता चिखल, आधीचा सूर विरायच्या आत पुढचा येऊन बसतो. त्यामुळे थांबावं लागतं. याउलट तार न दाबता नुसतं बोट टेकवून गज ओढला की शिट्टीसारखे वरचे सूर निघतात, ते अशा हॉलमध्ये काय तरंगतात! गज उचलल्यानंतरचं ऐक.

कंटाळाराम: मला अर्ध्यातच झोप येते बुवा. त्यापेक्षा फिलिप्सचा डेव्ह हॉलंड या दुसऱ्या बासवाल्यासोबतचा १९७१चा अल्बम ऐका, दोन बास आहेत, निदान गप्पा तरी होतात.