"36 मिनिटांत करोडो" म्हणणाऱ्या भियांसाठी

रामबागी
काल आपल्या इंदूरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "अमेरिकन बॉक्सर मेवेदरने 36 मिनिटांत बाराशे कोटी कमावले आणि आपण पोरांना कोट्याला पाठवून फिया भरतोय." खाली पंचवीस अंगठे. एकाने तर "धाकट्याला महूला बॉक्सिंगला घालतो" असंही लिहिलं. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

2 मे 2015, लास व्हेगास, समोर पॅकियाव. तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या, हिशोब बरोबर. पण ते पैसे ठोशांचे नव्हते. 46 लाख गिऱ्हाइकांनी घरी बसून ती लढत बघायला शंभरेक डॉलर मोजले, त्याचे होते. आणि वाटा एवढा मोठा का? 2006 मध्येच त्याने साडेसात लाख डॉलर भरून जुन्या प्रमोटरच्या, म्हणजे लढती भरवणाऱ्याच्या, करारातून मान सोडवून घेतली होती. हे अंगठेवाल्यांना माहीत आहे का?

आता दुसरं टोक. 2017 ला कंपनीच्या कामाने मी शेफील्डला होतो. आमच्या घरी प्लास्टरला येणारा पोरगा व्यावसायिक बॉक्सर. एके दिवशी भिंत अर्धी टाकून त्याने खिशातून रबरबँड लावलेली तिकिटांची गड्डी काढली. पस्तीस पौंडांना एक. पांढऱ्या बोटांनी वहीत माझं नाव लिहिलं, पुढे "2, पैसे शुक्रवारी". तिथे छोट्या हॉलमधली रीतच ती. तिकिटं बॉक्सरने स्वतः खपवायची, त्यातून आधी समोरच्याचं मानधन निघालं पाहिजे, उरलं तर याचं. तो जिंकला. सोमवारी सुजलेला डोळा घेऊन उरलेली भिंत करायला आला. काही उरलं नाही म्हणाला, तिघांनी तिकिटाचे पैसे बुडवले. कमाई खुर्च्या भरण्याची असते, ठोशाची नाही.

नंदलालपुऱ्याचे नाना
एका प्लास्टरवाल्यावरून सिद्धांत मांडू नका. 1974 ला किन्शासात अली आणि फोरमनला प्रत्येकी 50 लाख डॉलर मिळाले. ते काय प्रेक्षकांनी वर्गणी काढून दिले? तिथला हुकूमशहा मोबुतू, त्याला जगात मिरवायचं होतं, त्याने दिले. मे 2024 ला फ्युरी-उसिक ही विश्वविजेतेपदाची लढत सौदीत रियाधला झाली ती काय तिथल्या खुर्च्या मोजून? गुण असला की देणारा सापडतो. नसला की तिकिटं विकत फिरावं लागतं.

रामबागी
नाना, देणाऱ्याचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण मोबुतूने अलीलाच का बोलावलं? अलीमागे जग बघायला येणार होतं म्हणूनच ना! खुर्च्या फक्त दुसऱ्या देशात होत्या.

अन्नपूर्णा रोड
सीए म्हणून दोन ओळी. आकडा येतो तो ढोबळ. त्यातून मॅनेजरचा एक तृतीयांशापर्यंत हिस्सा, ट्रेनरचे साधारण दहा टक्के, विश्वविजेतेपद असेल तर पट्टा देणाऱ्या संघटनेचे तीनेक टक्के, वर कर. मोठ्या लढती व्हेगासला का? कॅसिनोवाले पैसा ओततात आणि नेवाडात राज्याचा आयकर नाही. विश्वविजेत्या जो लुईने 1942 मध्ये दोन लढतींचं मानधन नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकलं, तरी करखातं पुढे वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागलं. टायसन 2003 ला दिवाळखोर. एक सीए ठेवला असता तर... जाऊ द्या, आमचं कोण ऐकतं.

महूवाला
त्या धाकट्याच्या बापाला माझं सांगणं वेगळं आहे. माझा थोरला भाऊ फौजेतर्फे खेळला. नाक दोनदा मोडलं, पण आज पेन्शन आहे. आपल्याकडे बॉक्सिंगची खरी कमाई म्हणजे नोकरी. विजेंदर 2015 ला व्यावसायिक झाला तेव्हा हरयाणा पोलिसात डीएसपी होताच. पाठीशी पगार असला की उडी मारता येते.

नंदलालपुऱ्याचे नाना
आणि कौरसिंग? तोही फौजी. 1980 ला दिल्लीत प्रदर्शनी लढतीत प्रत्यक्ष अलीसमोर उभा राहिला, 1982 च्या एशियाडला सुवर्ण. म्हातारपणी औषधांच्या बिलांसाठी त्याची दैना झाली. पेन्शनचं कौतुक सांगू नका.

पलासियाची काकू
तुमचं पेन्शन चालू द्या, मी त्या तिकिटांच्या गड्डीवर अडकले आहे. शेफील्डला तिघांनीच बुडवले? इंदुरात मराठी माणसाला विकून दाखवा म्हणावं! एका मंडळाची मी चार वर्षं खजिनदार होते. मुंबईचं नाटक, तिकीट दोनशे. एक गृहस्थ पंधरा लाखांच्या गाडीतून उतरले, दारातच म्हणाले, "आमचे पास?" मध्यंतरात वर तक्रार, की बटाटेवडा गार आहे.

महूवाला
😂 काकू, हे गृहस्थ सगळ्या मंडळांत सापडतात.

नंदलालपुऱ्याचे नाना
रोख कळला. गाडी माझी नाही, जावयाची आहे. आणि पास मी मागत नाही, मला दिला जातो. तीस वर्षं सतरंज्या उचलल्या आहेत, गणपतीत कनातीही बांधल्या आहेत. काल आलेल्यांनी हिशोब मागू नये.

पलासियाची काकू
नाना, मी नाव घेतलं होतं का? सतरंज्या आम्हीही उचलल्या, शिवाय दोनशे माणसांचा उपमा केला. आम्हाला नाही कुणी पास दिला. नटाला नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, कशातून द्यायची, तुमच्या पुण्याईतून?

रामबागी
अहो, विषय बॉक्सिंगचा होता!

पलासियाची काकू
तोच चाललाय. तुमच्या प्लास्टरवाल्याचे पैसे अशाच नानांनी बुडवले.

नंदलालपुऱ्याचे नाना
मर्यादा सांभाळा! ॲडमिन आहेत की झोपले?

महूवाला
नाना, शांत व्हा. बर्मिंगहॅमचा पीटर बकली माहीत आहे? 300 लढती, त्यातल्या 256 हरला. ठरलेले पैसे घ्यायचे, नव्या पोराला चार फेऱ्या शिकवायचं, फार मार न खाता घरी जायचं, पुन्हा काही दिवसांनी उभं राहायचं. तिकिटं विकायची कटकट समोरच्याची. त्याच्यावर घर चाललं ना? सगळे मेवेदर कशाला व्हायला हवेत?

रामबागी
हे मात्र पटलं. माझ्या प्लास्टरवाल्यापेक्षा त्या रात्री त्याच्याकडून हरलेलाच जास्त घेऊन गेला असणार. हे मला सुचलं नव्हतं.

अन्नपूर्णा रोड
म्हणजे हरणं हा ठरलेला पगार आणि जिंकणं हा धंदा. ताळेबंदात बसतं.

नंदलालपुऱ्याचे नाना
बरं बुवा, तुम्ही सगळे शहाणे. पुढच्या नाटकाचं तिकीट मी विकत घेतो, मग तर झालं? फक्त पहिल्या रांगेतलं द्या.

पलासियाची काकू
पहिली रांग विकायला नसते, नाना. ती पासवाल्यांची असते.