'क्रॉस-प्लॅटफॉर्म', 'सुसंगत' आणि 'मुक्त': रिॲक्टओएसच्या वर्णनासाठी नेमके शब्द कोणते?

प्रश्न

महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी रिॲक्टओएस या विंडोजला पर्याय होऊ पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर लेख लिहिते आहे. फ्री, ऑपरेटिंग सिस्टीम, क्रॉस-प्लॅटफॉर्म, कंपॅटिबिलिटी, शिवाय अँबिशस, हे सगळं एकाच वाक्यात बसवायचं आहे. 'बहुमंचीय सुसंगतता असलेली महत्त्वाकांक्षी मोफत कार्यप्रणाली' असं एकाने सुचवलं. वाचून काहीच बोध होत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद

आधी 'बहुमंचीय' काढा, कारण ते इथे लागूच पडत नाही. एकच प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅकवर मिळतो तेव्हा त्याला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात. फायरफॉक्स, व्हीएलसी तसे आहेत. ऑपरेटिंग सिस्टीमला हा शब्द लावायचा तर ती नाना तऱ्हेच्या प्रोसेसरांवर चालायला हवी. तो मान नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा. रिॲक्टओएसचा ध्यास निराळा आहे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम, आणि विंडोजसाठीचा ड्रायव्हरसुद्धा (जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्राम), काही न बदलता विंडोजशिवाय चालला पाहिजे. १९९६ मध्ये काम सुरू झालं ते 'फ्रीविन९५' या नावाने. पुढे रोख विंडोज एनटीकडे (आजच्या विंडोजचा पाया) वळला आणि नाव बदललं. मायक्रोसॉफ्टच्या मक्तेदारीवरची 'रिॲक्शन' त्या नावात आहे.

'सुसंगत' चालेल, पण एकटा नको. 'सुसंगत विधान' म्हणताना ते विधान आपल्याआपणच जुळलेलं असतं. संगणकात मात्र 'कशाशी?' हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि ते काम 'शी' हा प्रत्यय चोख करतो: 'विंडोज एनटीशी सुसंगत'. 'सुसंगतता' असं नाम केलं की 'शी' सहज गळतो आणि वाचक चाचपडत राहतो. म्हणून विशेषणच ठेवा.

'कार्यप्रणाली' तर समितीची असते, बँकेची असते. ऑपरेटिंग सिस्टीम हा शब्द सगळ्यांना कळतो, तोच राहू द्या.

प्रश्नकर्ती

धन्यवाद. बायनरी कंपॅटिबिलिटीला 'द्विमान सुसंगतता' म्हणावं का? आणि लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइनसुद्धा हेच करतं ना? मग दोहोंतला फरक कसा दाखवू?

प्रतिसाद

'द्विमान' वाचलं की शून्य-एकची अंकपद्धती आठवते. इथे बायनरी म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेली फाइल. 'तयार ईएक्सई जशीच्या तशी चालते' असं सरळ लिहा.

फरक दाखवायला एक उदाहरण घ्या. विंडोजच्या प्रोग्रामला फाइल उघडायची असली की तो 'क्रिएटफाइल' हे फंक्शन बोलावतो. ते 'कर्नल३२.डीएलएल' या डीएलएलमध्ये, म्हणजे अनेक प्रोग्राम सामाईक वापरतात अशा फाइलीत असतं. तिथून विनंती 'एनटीडीएलएल'मधल्या 'एनटीक्रिएटफाइल'कडे जाते आणि तिथून कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे. वाइन या डीएलएल आपल्या पदरच्या देते, पण सगळ्यात खाली कर्नल लिनक्सचा किंवा मॅकचाच असतो. विनंती शेवटी त्याला कळेल अशी करून द्यावी लागते. म्हणून वाइनला 'थर' म्हणणं योग्य. 'आभासी विंडोज' किंवा एम्युलेटर (दुसऱ्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम) मुळीच नको. आपण एम्युलेटर नाही हे ती नावातच सांगते: 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर'. रिॲक्टओएस वरच्या डीएलएलपैकी बऱ्याच वाइनकडूनच घेते, मात्र खालचा एनटीच्या धर्तीचा कर्नल स्वतःचा लिहिते. तिच्यासाठी 'अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम' हे शब्द पुरेत.

आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत हा फरक लगेच पटेल. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली मराठी पुस्तकं ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, ते डोंगल (परवाना पटवणारं, संगणकाला जोडायचं छोटं उपकरण) लावल्याशिवाय सुरू होत नाही. डोंगलचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये बसतो. अशा ठिकाणी वाइनचा सहसा निभाव लागत नाही. रिॲक्टओएसचं लक्ष्य मात्र तिथवर आहे.

आणखी एक प्रतिसाद

कळकळीची विनंती: 'क्लोन'साठी 'नक्कल' लिहू नका. या प्रकल्पावर हाच संशय आला होता. २००६ च्या जानेवारीत आरोप झाला की काही कोड विंडोजच्या फाइली उलगडून, त्यात पाहून लिहिलेला आहे. तेव्हा काम थांबवून साऱ्या कोडची तपासणी हाती घेतली गेली आणि नियम कडक झाले: आतली रचना अभ्यासून टिपण करणारा एक, ते टिपण वाचून कोड लिहिणारा दुसरा. यालाच क्लीन रूम म्हणतात. इतकी वर्षं फुकट राबणाऱ्यांनी हा लांबचा रस्ता धरला. त्यांच्या कामाला नक्कल म्हणणं अन्यायाचं होईल. 'नव्याने लिहिलेली' म्हणा.

'मोफत'ही नको. मोफत म्हणजे दाम पडत नाही, एवढंच. रिॲक्टओएसचा कोड मुख्यतः जीपीएल या परवान्याखाली आहे, म्हणजे तो वाचायची, बदलायची, वाटायची मुभा आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून या चळवळीतला 'फ्री' हाच. त्याला 'मुक्त' हवा. एक अडचण आहे: 'मुक्त विद्यापीठ'मधला मुक्त म्हणजे ओपन, आणि 'मुक्तस्रोत'ही आपण ओपन सोर्सलाच म्हणतो. तेव्हा पहिल्यांदा 'मुक्त' लिहाल तिथे ही मुभा अर्ध्या ओळीत सांगून टाका.

'महत्त्वाकांक्षी'ऐवजी आकडे द्या. ०.४.० ही आवृत्ती २०१६ मध्ये आली, ०.४.१५ ही मार्च २०२५ मध्ये. एवढ्या वर्षांनंतरही ती अल्फा, म्हणजे कच्च्या चाचणीच्या अवस्थेतच आहे. कामाचा डोंगर केवढा, ते वाचकाला कळेल.

प्रश्नकर्ती

मग असं लिहिते: 'रिॲक्टओएस ही विंडोज एनटीशी सुसंगत, नव्याने लिहिलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिचा कोड कुणीही वाचू, बदलू, वाटू शकतो. विंडोजचे तयार प्रोग्राम आणि ड्रायव्हर तिच्यावर जसेच्या तसे चालतात.'

प्रतिसाद

छान. फक्त शेवटी 'चालतात'च्या जागी 'चालावेत असा तिचा उद्देश आहे' करा. आज बरेच चालतात, बरेच अडतात.