मदत हवी आहे: सतरा वर्षांच्या मुलाला फ्लूची लस

मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. लहानपणी बालरोगतज्ज्ञ आठवण करून द्यायचे, आता तिकडे जायला त्याला लाज वाटते. मग लस नेमकी कुठे घ्यायची, नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे? ९ वर्षांनंतर वर्षाला एकच डोस पुरतो आणि विषाणू बदलत राहतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते, एवढं माहीत आहे. संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून परीक्षेच्या बऱ्याच आधी उरकायचंय.

खरी अडचण वेगळीच. मागच्या वेळी सुई टोचल्यावर साहेबांना भोवळ आली (उंची सहा फूट!). आता नाकात मारायच्या स्प्रेचा हट्ट धरलाय. पण त्याला दमा आहे, आणि त्या स्प्रेच्या लशीत जिवंत, कमजोर केलेला विषाणू असतो. दमा असलेल्या मुलांना तुमच्या डॉक्टरांनी काय सुचवलं? आडवं झोपवून इंजेक्शन दिल्याचा कुणाला अनुभव?