गच्चीवरचं टेबल आणि हिरव्या कुरडया

बी-४०३: नमस्कार. सकाळी सातला गच्चीवर कुरडया घातल्या. आत्ता साडेअकराला वर गेले तर सगळ्यांवर पिठासारखी बारीक हिरवट धूळ! दोन किलो गव्हाचा चीक आहे. घासकाम कोणाचं चालू आहे ते पूर्ण बिल्डिंगला माहीत आहे. फोटो टाकलाय, बघा.

ए-१०१: गच्चीची चावी रजिस्टरमध्ये सही करून घ्यायची असं ठरलं होतं. रजिस्टर कोणाकडे आहे?

बी-१०२: वहिनी, पालकाच्या कुरडया म्हणून खपतील 😀

बी-४०३: माझी आई ७४ वर्षांची आहे. तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, पहाटे चारला उठून तिने चीक शिजवला. मला हसू येत नाहीये.

बी-१०२: सॉरी वहिनी. आजींना सांगू नका मी असं बोललो.

बी-४०१: मीच घासत होतो. वहिनी, मनापासून माफी मागतो. मी मुद्दाम टाकीच्या मागे बसलो होतो, पण वारा फिरला. वडिलांचं सागवानी टेबल आहे, त्यावर कधीतरी हिरवा ऑईल पेंट मारलेला. पावसाआधी हातावेगळं करायचंय, दमट हवेत चपडी पॉलिश पांढरं पडतं. म्हणून घाई झाली.

बी-४०३: काका, आमचं चपलांचं कपाट पॅसेजमध्ये होतं तेव्हा तुम्हीच मीटिंगमध्ये उभं राहून नियम वाचून दाखवला होता. कॉमन जागा म्हणजे काय ते.

ए-२०४ (सेक्रेटरी): कृपया जुने विषय नकोत 🙏

बी-२०२: जुने कसे? कपाट हललं, कुंड्या अजून तिथेच आहेत.

ए-२०४ (सेक्रेटरी): कुंड्यांचं वेगळं बोलू.

ए-१०१: रजिस्टर कोणाकडे आहे?

ए-३०२: एक मिनिट. जुना ऑईल पेंट कोरडा घासला का? त्यात शिसं असू शकतं. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, संध्याकाळी गच्चीवर रांगतो आणि दिसेल ते तोंडात घालतो. मला खरंच भीती वाटतेय.

बी-२०२: टाकीचं झाकण बंद होतं का??

ए-२०४ (सेक्रेटरी): आत्ताच वॉचमनला वर पाठवलं. झाकण बंद आहे.

बी-३०१: ताईंचं बरोबर आहे. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. काकांच्या टेबलावरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. काका, जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारत मारत वॉटर पेपरने घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा. आत्ता पडलेली धूळ झाडू मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि वहिनी, वाईट वाटतंय सांगायला, पण त्या कुरडया तळू नका. टाकून द्या.

बी-४०३: सगळ्या?

बी-३०१: सगळ्या. पोरांच्या पोटात जाणार ना.

बी-४०१: वहिनी, गहू मी जांभळी नाक्यावरून आणतो. नुसते गहू देऊन भागणार नाही हे कळतं मला. चीक काढायला मी आणि ही, दोघं येऊ. सोऱ्या मी फिरवीन.

बी-१०२: काका, मीही येतो. सोऱ्याला जोर लागतो.

ए-१०१: चावी सही करून घेतली असती तर कोण वर आहे ते कळलं असतं. रजिस्टर कोणाकडे आहे?

बी-३०१: काका, लाकडाला तेल लावलंत का?

बी-४०१: हो, ड्रॉवर स्वच्छ झाले होते, त्यांना सकाळी जवसाचं तेल लावलं. सुती फडक्याने.

बी-३०१: फडकी कुठे आहेत?

बी-४०१: पिशवीत गाठ मारून जिन्यात ठेवलीत, चौथ्या मजल्यावर. मावशी कचऱ्यात नेतील.

बी-३०१: काका, आत्ताच्या आत्ता ती पिशवी उघडा. फोन खिशात टाका आणि जा. बादलीभर पाणी घेऊन जा.

ए-३०२: काय झालं?

बी-३०१: जवसाचं तेल नुसतं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असलं तर ती उडून जाते. बोळा करून पिशवीत कोंबलं तर आतच साठते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. माझे बाबा सुतार. आमच्या दुकानात तेलाची फडकी दोरीवर एकेरी वाळत घालायची, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवायची. एकदा मी बोळा करून कोपऱ्यात टाकला होता, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उचलला.

ए-२०४ (सेक्रेटरी): काका??

बी-४०३: मी बाहेर आलेय, काका जिन्यातच आहेत.

बी-४०१: उघडली. वरचं फडकं गार होतं, आतला बोळा गरम. इस्त्रीखालून आत्ताच काढलेल्या कपड्यासारखा. उग्र वास येत होता. सगळं बादलीत बुडवलं. हात थरथरतायत माझे. मला हे ठाऊकच नव्हतं हो.

बी-४०३: काका आमच्याकडे बसलेत, पाणी दिलंय. त्याच जिन्यातून माझी मुलगी दोनला क्लासहून येते.

ए-२०४ (सेक्रेटरी): आजपासून तेल, थिनर, स्पिरिटचं काहीही जिन्यात ठेवायचं नाही. कोणीही. बादली सध्या गच्चीवर उघड्यावर ठेवतोय.

बी-२०२: कुंड्यापण उचलते आज.

बी-४०१: एक सांगायचं राहिलं. मधल्या ड्रॉवरच्या खाली वडिलांच्या हातचा पेन्सिलने लिहिलेला दुधाचा हिशेब सापडला. तेवढा भाग घासला नाही, तेलही लावलं नाही. बाकीचं काम गुरुवारनंतर, पाणी मारून, आधी ग्रुपवर सांगून.

बी-४०३: गहू आजच आणा काका, म्हणजे तीन दिवस भिजतील. काकूंना सांगा, आई चार म्हणजे चारलाच उठवते. हिशेबाचा फोटो टाका ना.

ए-१०१: रजिस्टर कोणाकडे आहे?

ए-२०४ (सेक्रेटरी): माझ्याकडेच आहे आजोबा. संध्याकाळी गच्चीच्या दाराला लावतो.

ए-१०१: पेन दोरीने बांधा. मागचं कोणीतरी नेलं.