पोटातील नळीचे टोक चिरले आहे: बांबोळीला आजच न्यावे की उद्या?

सत्तरीची आई

नमस्कार. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर ताबा नसणे) त्याला नीट गिळता येत नाही, आणि दूध श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होत असल्याने गेल्या वर्षी त्याच्या पोटात नळी बसवण्यात आली. ती कातडीलगत बसणाऱ्या बटणासारखी नसून लांब आहे. आज सकाळपासून तिच्या बाहेरच्या टोकाला, सिरिंज जोडतो त्याच ठिकाणी, चीर गेलेली दिसते. टोपी घट्ट बसत नाही आणि दूध देताना बरेचसे बाहेर गळते. नळी जागेवरून हललेली नाही, छिद्राभोवतीची कातडीही कोरडी आहे.

आम्ही वाळपईजवळ राहतो. जवळच्या दवाखान्यात हे काम होणार नाही, बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच जावे लागेल, असे सांगण्यात आले. एवढ्या दुरुस्तीसाठी त्याला पुन्हा भूल द्यावी लागेल का? आजच कॅज्युअल्टीत जावे, की उद्या सकाळची ओपीडी गाठली तरी चालेल? त्याची फिट्सची औषधेही याच नळीतून जातात, म्हणून अधिक काळजी वाटते. घरात सासूबाईंचे मत असे आहे की यापेक्षा नाकातली नळीच बरी होती.

निवृत्त परिचारिका, फोंडा

ताई, फिट्सची औषधे नळीतून जात असतील तर उद्याची वाट पाहू नका, आजच निघा. दूध गळले तर मूल काही काळ उपाशी राहील एवढेच. पण औषध गळले तर किती पोटात गेले आणि किती रुमालावर सांडले हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी अंदाजाने पुन्हा मात्रा देणे धोक्याचे असते आणि ती बुडू देणेही तितकेच धोक्याचे असते. ज्या वॉर्डात त्याची फाईल आहे तेथे निघण्यापूर्वी फोन करून पुढची मात्रा कशी द्यायची ते विचारा. तोंडाने मात्र देऊ नका, कारण ज्या कारणासाठी नळी बसवली ते कारण अजून तसेच आहे.

आता भुलेविषयी. नळीच्या बाहेरच्या टोकाशी एक लहानशी बाजूची वाट आहे का, ते पाहा. असल्यास बहुधा तुमच्या नळीला आत पाण्याचा फुगा आहे आणि ती वाट फुग्यात पाणी भरण्यासाठी आहे. तिच्यातून दूध किंवा औषध कधीही द्यायचे नसते. फुग्याची नळी पूर्ण बदलावी लागली तरी फुग्यातले पाणी काढून, जुनी नळी ओढून नवी बसवतात, आणि छिद्राभोवतीची जखम नीट भरून आलेली असेल तर हे काम सहसा भुलेशिवाय, खाटेवरच होते. अशी वाट नसेल तर आत फुग्याऐवजी टणक चकती असण्याची शक्यता जास्त. तशी नळी काढायला काही मुलांना दुर्बिणीची आणि भुलेची गरज पडते, परंतु तुमच्याकडे बिघाड टोकाशी आहे. पुरेशी लांबी उरत असेल आणि त्या नळीला जुळणारा जोड उपलब्ध असेल, तर चिरलेला भाग कापून नवा जोड बसवता येतो, आणि त्यात मुलाच्या पोटाला हातही लावावा लागत नाही. घरी मात्र कात्री लावू नका. एकदा आखूड झालेली नळी पुन्हा लांब करता येत नाही.

भूल लागण्याची थोडी जरी शक्यता असेल तर शेवटचे दूध किती वाजता दिले ते डॉक्टर विचारतील, कारण वरच्या दुधानंतर साधारण 6 तास जाऊ द्यावे लागतात. ती वेळ कागदावर लिहून ठेवा. स्वतःहून मात्र त्याला दिवसभर उपाशी ठेवू नका. तेही फोनवरच विचारा. प्रवासात चिरेच्या अलीकडे, पोटाच्या बाजूला, नळीवरचा क्लॅम्प (चिमटा) बंद ठेवा, म्हणजे पोटातले बाहेर येणार नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नाकातली नळी काही आठवड्यांपुरती ठीक असते. वर्षानुवर्षे ठेवली तर नाक आणि घसा सोलवटतो, ती वारंवार निघते आणि चुकून श्वासनलिकेत जाण्याचे भय प्रत्येक वेळी असते. दुर्बिणीच्या मदतीने पोटात नळी बसवण्याची पद्धत 1980 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, तीही गिळू न शकणाऱ्या लहान मुलांवरील उपचारांतूनच पुढे आलेली आहे.

काणकोणचा बाबा

आमच्या मुलीला बटण आहे, त्यामुळे आमचा बिघाड वेगळा होता: फुगा फुटून संपूर्ण बटणच बाहेर आले. हे लिहितो कारण तुमच्या नळीलाही फुगा असल्यास असा प्रसंग येऊ शकतो, आणि मग घाई फार मोठी असते. छिद्र काही तासांतच आकसू लागते. स्वच्छ गॉज ठेवून, निघालेली नळी सोबत घेऊन लगेच निघावे. आम्हाला डॉक्टरांनी तात्पुरता फोली कॅथेटर (टोकाला फुगा असलेली, एरवी लघवीसाठी वापरतात ती नळी) छिद्रात घालायला शिकवले आहे, पण ते शिकवलेल्यांनीच आणि छिद्र जुने झालेले असेल तरच करायचे. नवी नळी घातल्यावर ती पोटातच आहे याची खात्री होईपर्यंत दूधही देऊ नये. नळीतून पोटातला रस ओढून त्याची आम्लता तपासतात किंवा एक्स-रे काढतात.

तुम्हाला आत्ता उपयोगी पडेल ते एवढेच की नळीवर छापलेला आकडा पाहून ठेवा. 14 फ्रेंच, 16 फ्रेंच असे लिहिलेले असते. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर जाडी. त्या आकड्याचा आणि चिरेचा फोटो फोनवर विचारतानाच पाठवता आला तर लहान मुलांच्या मापाचे सामान तेथे आहे की बाहेरून आणावे लागेल, हे आधीच कळते. काणकोणहून बांबोळी गाठल्यावर ते समजणे फार जड जाते. डिस्चार्ज कार्ड, सर्व औषधे आणि तुम्ही वापरता तीच सिरिंज सोबत असू द्या, कारण काही जोड एका प्रकारच्या सिरिंजवर बसतात आणि दुसऱ्या प्रकारच्या नाही.

सत्तरीची आई

सर्वांचे मनापासून आभार. बाजूची वाट नाही, म्हणजे चकतीच असावी. फोन लागला, औषधाची वेळ सायंकाळची आहे आणि त्याआधी पोहोचायला सांगितले आहे, म्हणून आम्ही निघत आहोत. एकच शंका उरते. मी त्याला दुधाबरोबर नाचणीची पेज देते. तिच्यामुळे नळी तुंबून दाब वाढला आणि टोक चिरले, असे होऊ शकते का?

निवृत्त परिचारिका, फोंडा

होऊ शकते, परंतु न पाहता तसे म्हणता येणार नाही. रोज सिरिंज घालून काढूनही टोक झिजते. पेज बंद करू नका, मुलाला तिचा आधार आहे. शिजवल्यावर बारीक गाळणीतून गाळा, कोमट असतानाच द्या, कारण निवली की ती नळीतच घट्ट होते, आणि आधी व नंतर डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाणी सोडा. प्रत्येक औषध वेगळे द्या, मध्ये थोडे पाणी घाला, गोळी असेल तर अगदी बारीक पूड करा. मात्र कोणती गोळी कुटायची नाही ते आज तेथेच विचारून या, कारण फिट्सच्या काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. अडथळा जाणवला तर जोर लावू नका. कोमट पाणी भरून सिरिंजचा दट्ट्या हलकेच मागे-पुढे करा, आणि तेवढ्याने सुटले नाही तर तार वगैरे न घालता वॉर्डात फोन करा.