अमिगा एवढं भारी होतं तर ऑफिसात का नाही शिरलं?

कुतूहल_८५:
जुन्या कॉम्प्युटरांबद्दल वाचतोय सध्या आणि एक गोष्ट डोक्यात जात नाहीये. 1985 ला कमोडोरचं अमिगा आलं, 4096 रंग, स्टीरिओ आवाज, खरंखुरं मल्टिटास्किंग, आणि त्याच वेळी आयबीएम पीसी नुसता बीप करायचा. तरी 1994 ला कमोडोरचं दिवाळं निघालं. कारण विचारलं की जो तो म्हणतो बिझनेस सॉफ्टवेअर नव्हतं. पण वर्डपरफेक्ट, ते पत्रं-दस्तऐवज लिहायचं सॉफ्टवेअर, तर आलं होतं की अमिगावर! मग कमी काय पडलं?

जुना_कीबोर्ड:
"होतं" आणि "त्याच्यासाठी मशीन घेतलं" यात फरक आहे भाऊ. 1979 चं व्हिसिकॅल्क बघ, म्हणजे हिशोबाच्या तक्त्याचं सॉफ्टवेअर, स्प्रेडशीट, ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन या दोघांनी केलेलं. एक आकडा बदलला की खालची सगळी बेरीज आपोआप बदलायची, हे ज्या अकाउंटंटने आयुष्यभर खोडरबर घासलंय त्यालाच कळणार. पहिलं जवळजवळ वर्षभर ते फक्त ॲपल टूवर चालायचं, त्यामुळे लोक दुकानात जाऊन व्हिसिकॅल्क मागायचे आणि ते चालवायला म्हणून हजारो डॉलरचं ॲपल टू घ्यायचे, सॉफ्टवेअर शंभर डॉलरचं आणि खोकं त्याच्या कितीतरी पट. अमिगावरचं वर्डपरफेक्ट बघून कोण कशाला मशीन बदलेल, तेच पीसीवर आधीच होतं ना.

डॉसवाला:
+1. आणि लोटस 1-2-3 हे पीसीवरचं स्प्रेडशीट विसरू नका. जानेवारी 1983, आयबीएम पीसी येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. स्क्रीनच्या मेमरीत थेट लिहायचं म्हणून सुसाट पळायचं, पण त्यामुळेच हार्डवेअर अगदी आयबीएमसारखं लागायचं. पीसीचीच ऑपरेटिंग सिस्टीम एमएस-डॉस असूनही लोटस चालत नाही अशी मशीनं होती तेव्हा, ती बाजारातून गेली. आयबीएम पीसीची नक्कल करणारं नवीन मशीन, म्हणजे क्लोन, आला की लोक दोनच गोष्टी लावून बघायचे, लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर. दोन्ही चालली की पास 😄

नम्र_विरोधक:
थोडं वेगळं मत. स्प्रेडशीट असली की झालं असं असतं तर ॲपलचं मॅक तेव्हाच जिंकायला हवं होतं, कारण मायक्रोसॉफ्टचं स्प्रेडशीट एक्सेल 1985 ला आधी मॅकवर आलं, विंडोजवर 1987 ला. मॅकला खरं तारलं ते पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर आणि ॲपलचा प्रिंटर लेझररायटर यांनी, दोन्ही 1985 चीच. छपाईवाल्यांना दुसरा धड पर्यायच नव्हता. म्हणजे "बिझनेस" हा एक धंदा नाहीये, कुठल्या धंद्याची नड भागवलीत ते बघा. बाकी मॅकलाही मायक्रोसॉफ्ट ऑफिसची गरज होतीच म्हणा, 1997 ला मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये 15 कोटी डॉलर गुंतवले ते सगळ्यांना आठवतं, पण पाच वर्षं मॅकसाठी ऑफिस काढत राहू हा शब्द दिला होता तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

कुतूहल_८५:
ओके, पण मग आयबीएमच्या ओएस/2 या ऑपरेटिंग सिस्टीमचं काय? ते तर विंडोजचे प्रोग्राम पण चालवायचं ना?

डॉसवाला:
तिथेच तर घात झाला राव. 1992 च्या 2.0 मध्ये विंडोजचे प्रोग्राम इतके व्यवस्थित चालायचे की कंपन्या म्हणाल्या, विंडोजसाठी एकदाच लिहू, दोन्हीकडे खपेल, ओएस/2 साठी वेगळं कशाला लिहायचं. लोटसने उलट ओएस/2 वर भरवसा ठेवला आणि विंडोजवर उशिरा पोचलं, 1991 ला, तोवर एक्सेलने जागा धरली होती.

जुना_कीबोर्ड:
शिवाय फाइलींचं विसरतोय आपण. पाच वर्षांचे हिशोब आणि त्यात कोणीतरी करून ठेवलेले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) एका फॉरमॅटमध्ये अडकले की मशीन कितीही देखणं असो, मॅनेजर म्हणणार नको बाबा. आणि अमिगावर जास्त ओळी दिसाव्यात म्हणून इंटरलेस (एक आड एक ओळी दाखवायची पद्धत) लावलं की स्क्रीन लुकलुकायची, दिवसभर त्यावर पत्रं टाइप करून बघा.

कुतूहल_८५:
हे लुकलुकायचं माहीतच नव्हतं. मग 1990 चा व्हिडिओ टोस्टर, अमिगात बसवायचं व्हिडिओचं कार्ड, म्हणजे अमिगाचं पेजमेकर म्हणायचं का?

नम्र_विरोधक:
हो, टीव्ही स्टुडिओवाल्यांनी त्याच्यासाठीच अमिगा घेतली. पण स्टुडिओ असतात किती आणि हिशोब ठेवणारी ऑफिसं किती?

डॉसवाला:
फ्लाइट सिम्युलेटरवर वेगळा धागा काढा कोणीतरी, मला खूप बोलायचंय.